अभ्यासाचं ऋण

कादंबरीवर लिहिलेलं संशोधन कोणाचं? लिहिणाऱ्याचं, छापणाऱ्याचं, की ज्या माणसांच्या जगण्यातून ती कादंबरी उभी राहिली त्यांचं? मी बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींची मार्गदर्शक आहे. आमच्याकडे हा विषय निघतो तो गुणांचा, पदोन्नतीचा किंवा खर्चाचा म्हणून. मला तो त्याआधी धर्माचा प्रश्न वाटतो. माणूस कोणाचं काय देणं लागतो आणि ते कसं फेडतो, याचा विचार आपल्या परंपरेनं फार जुन्या काळापासून केला आहे, आणि माझं उत्तर मला त्या विचाराशी भांडत-भांडतच सापडलं.

तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत. देवांचं ऋण यज्ञानं फेडायचं, पितरांचं संततीनं आणि ऋषींचं अध्ययनानं. यातलं ऋषिऋण वेगळं आहे. ज्यांच्याकडून घेतलं ते परतफेड घ्यायला समोर नाहीत. त्यांना परत देता येत नाही, म्हणून आपण शिकायचं आणि पुढच्याला शिकवायचं. घेतलेलं स्वतःपाशीच ठेवलं तर कर्ज डोक्यावर तसंच राहतं. शतपथ ब्राह्मणानं याला आणखी एक ऋण जोडलं, माणसांचं, आणि ते आलेल्या माणसाला निवारा व अन्न देऊन फेडायला सांगितलं.

ही कल्पना मी जशीच्या तशी स्वीकारू शकत नाही. तैत्तिरीय संहिता हे ऋण ब्राह्मणाच्या नावावर लिहिते. ज्यांना पुढे अध्ययनाचा अधिकारच नाकारला गेला, त्या स्त्रियांना आणि शूद्रातिशूद्रांना या देण्याघेण्यात जागाच नव्हती. ज्ञान पुढच्याला द्या असं सांगणाऱ्यांनीच पुढचा कोण हे आधी ठरवून टाकलं होतं. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा हा जुना हिशेब मोडायला सुरुवात झाली. मी आज वर्गात उभी आहे ती त्यामुळे. ऋषिऋण मी मानते, पण ज्यांनी दार उघडलं त्यांचं ऋण म्हणून मानते. ते दार उघडं ठेवणं हीच त्याची परतफेड.

कादंबरीच्या अभ्यासकावर तर हे ऋण जास्तच असतं. माझी एक विद्यार्थिनी अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’वर काम करते. तिचे आईवडील दर हंगामात ऊसतोडीला जातात. १९५९ साली आलेल्या या कादंबरीचा नायक निव्वळ कल्पनेतला नाही. फकिरा खरोखर होऊन गेला आणि त्याच्या गोष्टी अण्णा भाऊंनी लहानपणापासून ऐकल्या होत्या. ती मुलगी अण्णा भाऊंच्या वाटेगावला जाऊन आली. तिथल्या म्हाताऱ्या बायांनी तिला बसवून घेतलं, चहा दिला, ऐकलेलं-आठवलेलं सगळं सांगितलं. तालुक्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांनी कपाटं उपसून जुने अंक काढून दिले. शिष्यवृत्तीचे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे सगळ्यांच्या करातून आले. उद्या तिचा लेख एखादा जाणकार तपासेल, तोही मोबदला न घेता. इतक्या जणांनी फुकट दिलेल्यातून जे उभं राहिलं, ते शेवटी ज्यानं त्यात रुपयाही घातला नाही अशा प्रकाशकाच्या कुलपात गेलं, आणि वाटेगावच्या एखाद्या शिकलेल्या नातवाला ते वाचायचं तर तीस-चाळीस डॉलर मोजावे लागले, तर त्याला काय म्हणायचं? आपल्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. इथे तर भांडंच परत जात नाही.

कायदाही, नीट पाहिलं तर, याच बाजूला झुकलेला दिसतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. अण्णा भाऊ १९६९ साली गेले, म्हणजे ‘फकिरा’वरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. तरीही माझी विद्यार्थिनी त्यातले उतारे परवानगीशिवाय आपल्या लेखात घेऊ शकते, कारण त्याच कायद्याच्या ५२व्या कलमानं समीक्षेला आणि संशोधनाला रास्त मर्यादेत ही मोकळीक दिली आहे. ती का दिली? चर्चा समाजाच्या उपयोगाची असते म्हणून. मग समाजाच्या नावानं मिळालेली ही सवलत घेऊन लिहिलेला लेख समाजापासूनच दूर ठेवायचा, हे मला कायद्यात बसलं तरी न्यायात बसताना दिसत नाही.

खुद्द कादंबरीचा स्वभाव पाहा. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिलं ते विधवांच्या हालांकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली आणि पुस्तक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरांतही पोचली. ज्या मुलीबाळींचं दुःख तीत होतं, त्यांच्यापर्यंत ती जावी हा तिचा हेतूच होता. अशा साहित्यप्रकारावरचं संशोधन मात्र मोजक्या विद्यापीठांच्या पासवर्डमागे असावं, हा कादंबरीच्या मूळ वृत्तीशीच द्रोह आहे.

जगात हा विचार नवा नाही. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यानं मुक्त प्रवेशाची (‘ओपन ॲक्सेस’ची), म्हणजे संशोधन कोणालाही मोफत वाचता यावं याची मागणी स्पष्ट शब्दांत मांडली. पण व्यापारानं त्यातही आपली सोय पाहिली. वाचकाकडून पैसे घेता येत नाहीत ना, मग लेखकाकडून घ्या. मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांत एक लेख खुला करायला दोन-तीन हजार डॉलर, कधी त्याहून जास्त शुल्क पडतं. म्हणजे आधी वाचायला गरीब बाहेर राहत होता, आता लिहायला बाहेर राहतो. आपल्या केंद्र सरकारनं २०२४च्या नोव्हेंबरात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. विद्यापीठांतल्या माझ्या सहकाऱ्यांना यामुळे पुष्कळ काही वाचता येऊ लागलं आहे आणि त्याचा मला आनंद आहे. तरी ही कुलपाची किल्ली सरकारनं भाड्यानं घेतली एवढंच. संस्थेबाहेरचा वाचक, गावातला शिक्षक, निवृत्त माणूस, स्वतः कादंबरीकार, हे सगळे बाहेरच राहिले.

दुसरी वाट आहे, आणि ती कादंबरीच्याच अभ्यासकांनी चालून दाखवली आहे. अमेरिकन कादंबरीकार टॉमस पिंचन यांच्यावरच्या लेखनासाठी सुरू झालेलं ‘ऑर्बिट’ हे नियतकालिक पहिल्यापासून सर्वांना खुलं आहे. त्याच्याशी जोडलेले मार्टिन ईव्ह आणि त्यांच्या सहकारी कॅरोलाइन एडवर्ड्स या लंडनच्या साहित्य-अध्यापकांनी ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ उभी केली. तिथे लेखक पैसे देत नाही, वाचकही देत नाही. अनेक ग्रंथालयं मिळून थोडी-थोडी वर्गणी भरतात आणि त्यावर नियतकालिकं चालतात. आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयांच्या चळवळीला ही रीत परकी वाटू नये.

मात्र दार उघडं आहे म्हणजे घरात खरं बोललं जातं, असं होत नाही. आपल्याकडे याचा कडू अनुभव प्रत्येक मार्गदर्शकाला आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर संदेश येत असतात: दोन हजार रुपये भरा, तीन दिवसांत लेख छापून देतो, सोबत प्रमाणपत्र. ही नियतकालिकंही ‘ओपन ॲक्सेस’च असतात. तिथे कोणीही वाचू शकतो, फक्त छापण्याआधी कोणी वाचलेलं नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१६च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी निदान एक शोधनिबंध छापून येणं सक्तीचं केलं होतं. सक्ती आली तिथे दुकानं आली. २०१८ साली पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं की, विद्यापीठांच्या शिफारशीनं अनुदान आयोगाच्या यादीत आलेल्या आणि इतरत्र नोंद नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता आहे. त्याच वर्षी आयोगानं यादीतून ४,३०५ नावं काढली. पुढे ‘यूजीसी-केअर’ यादी आली. २०२२च्या नियमांनी छापील लेखाची सक्ती गेली, आणि २०२५च्या फेब्रुवारीत केअर यादीही बंद झाली. आता चांगलं-वाईट ठरवण्याचं काम पुन्हा आमच्यावर, अध्यापकांवर आलं आहे. मला वाटतं ते तिथेच असायला हवं होतं. सचोटीची जबाबदारी यादीवर टाकता येत नाही.

पैसे देऊन छापलेला, न तपासलेला लेख हे ऋण फेडत नाही, उलट ते वाढवतो. कारण पुढचा विद्यार्थी त्याच्यावर विश्वास ठेवून चालतो. एकानं ‘यमुनापर्यटन’चं साल चुकवलं की पुढचे दहा लेख तेच साल लिहितात. उचलेगिरीचंही तसंच. आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण मराठीत हे मोजणार कोण? आमचे कितीतरी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, नाहीतर पानांची छायाचित्रं काढून ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवलेले. ते कोणालाही उघडता येतात, पण त्यात एक शब्द शोधता येत नाही. न सापडणारं लेखन चोरायला सोपं आणि वापरायला अवघड. युनिकोडमध्ये, शोधता येईल असं लेखन ठेवणं ही तांत्रिक बाब म्हणून सोडून देण्यासारखी नाही. प्रामाणिकपणाची ती पहिली अट आहे.

संशोधन सर्वांना खुलं असावं या म्हणण्यावरचे दोन आक्षेप मला गंभीरपणे घ्यावेसे वाटतात. पहिला आपल्या नियतकालिकांचा. ‘प्रतिष्ठान’, ‘युगवाणी’, ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’, ‘अनुष्टुभ’, ‘नवभारत’ यांनी मराठी कादंबरीची चर्चा तुटपुंज्या वर्गणीवर जिवंत ठेवली. तिथे नफा कमावणारा प्रकाशक नाही, पदरमोड करणारे संपादक आहेत. अंक पहिल्याच दिवशी फुकट द्या असं मी त्यांना सांगणार नाही. नवा अंक वर्गणीदारांचा असू द्या, वर्षभरानं तो सर्वांना खुला करा, आणि या खर्चाचा वाटा विद्यापीठांनी उचलावा. आमची पदोन्नती ज्यांच्या पानांवर होते, त्यांना आम्ही निदान वर्गणी देणं लागतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. काही ज्ञान झाकलेलं बरं, असं असू शकतं का? महानुभाव पंथानं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं जपले. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मराठीतलं पहिलं गद्य अभ्यासकांसमोर आलं. हेच राजवाडे १९०२ साली ‘कादंबरी’ हा निबंध लिहून मराठी कादंबरीची कठोर झाडाझडती घेणारे. त्यांच्या उलगड्यानं मराठी श्रीमंत झाली यात शंका नाही. पण पंथानं झाकलं होतं ते विकण्यासाठी नव्हे. आपल्या श्रद्धेचं जतन व्हावं म्हणून. हा फरक मी मानते. वाटेगावच्या बायांनी जे सांगितलं त्यातलं काही घरातलं होतं, काही आजही हयात असलेल्यांविषयी होतं. ते त्यांना विचारल्याशिवाय जगापुढे मांडण्याचा हक्क आम्हाला नाही. माणसांना जपण्यासाठी झाकणं धर्माला धरून आहे. नफ्यासाठी झाकणं नाही. कोणतं झाकण कशासाठी आहे, हे विचारलं की बहुतेक वेळा निर्णय आपोआप होतो.

मोकळं झालेलं ज्ञान काय करू शकतं याची उदाहरणं आपल्या हाताशी आहेत. मराठी विश्वकोश कोणालाही वाचता येतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. कुसुमावती देशपांडे १९६१ साली गेल्या, म्हणजे ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा त्यांचा ग्रंथ २०२२पासून कायद्यानं सर्वांचा झाला आहे. कोणत्याही मराठी विभागानं तो स्वच्छ, शोधता येईल असा टाइप करून, मूळ आवृत्तीशी ताडून लोकांपुढे ठेवावा. परवानगी मागायची नाही, शुल्क भरायचं नाही. अशा कामाला गुण मिळत नाहीत म्हणून ते होत नसेल, तर गुण देणाऱ्या व्यवस्थेनं स्वतःला तपासावं.

माझ्या विद्यार्थ्यांकडून मी आता चार गोष्टी मागते. लेख छापायला पैसे द्यायचे नाहीत. जिथे तपासणारा खरोखर वाचतो तिथेच लेख पाठवायचा, उशीर झाला तरी चालेल. करारावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचायचा आणि आपली प्रत सर्वांसाठी खुली ठेवण्याचा हक्क स्वतःकडे राखायचा. आणि ज्यांनी माहिती दिली त्यांची संमती घेऊन, छापलेला लेख त्यांच्या हातात नेऊन द्यायचा. ‘फकिरा’वर काम करणारी मुलगी यावर म्हणाली, “मॅडम, तिथल्या बायांना माझी ही समीक्षेची भाषा कळणार नाही.” मी तिला सांगितलं, मग त्यांना कळेल असंही एकदा लिही, तेही संशोधनच आहे. ती ते लिहिते आहे. प्रबंधाला त्याचे गुण नाहीत. तरी माझ्या लेखी तिच्या अभ्यासाचा तो सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण ज्यांच्याकडून घेतलं त्यांना समोर बसून परत देता येईल, अशी संधी ऋषींच्या बाबतीत कोणालाच मिळाली नव्हती.