सहा मुद्दे आणि एक बायोडाटा

एफ.वाय.बी.ए.च्या समाजशास्त्राच्या पेपरात जातीवरचा प्रश्न बहुधा एकाच साच्याचा असतो: जातिव्यवस्थेची वैशिष्ट्ये स्पष्ट करा. उत्तरही ठरलेलं, डॉ. गो. स. घुर्ये यांचे सहा मुद्दे. खंडात्मक विभाजन, श्रेणीरचना, खानपान व सामाजिक व्यवहारांवरचे निर्बंध, विशेषाधिकार आणि अपात्रता, व्यवसायस्वातंत्र्याचा अभाव, विवाहावरचे निर्बंध. प्रत्येकाखाली चार ओळी लिहिल्या की मार्क पडतात. वर्षभर तासाला न बसलेला मुलगाही आदल्या रात्री गाईड चाळून हे लिहून येतो. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जातीबद्दल त्याला आधी जे वाटत होतं तेच पेपरानंतरही वाटत राहतं, तक्रार त्याबद्दल आहे.

दोष घुर्यांचा नाही. १९३२च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’त हे मुद्दे सुरुवातीला येतात, पुढे ब्रिटिश अधिकारी रिस्लेने नाकांच्या मोजमापांवर उभ्या केलेल्या वंशसिद्धान्ताची त्यांनी उलटतपासणी केली आहे. गाईडवाल्यांनी यादी ठेवली आणि वाद गाळला.

यादीच्या पलीकडे जाणं पहिल्या वर्षाच्या मुलांना झेपत नाही, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. त्यात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं सांगितली होती: सभासदत्व जन्माने, आणि बाहेर लग्नाला बंदी. आंबेडकर म्हणतात, ही दोन नव्हेतच. बाहेर लग्न बंद केलंत की सभासदत्व आपोआप जन्मावर येतं.

मग ते खरा प्रश्न विचारतात: एखाद्या गटाला स्वतःला असं बंद ठेवायचं असेल तर काय काय करावं लागेल? लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष सारख्या संख्येने असले पाहिजेत. नवरा आधी मेला तर बाई ‘जास्त’ होते, बायको मेली तर पुरुष. बाईला जाळायचं किंवा जन्मभर वैधव्यात ठेवायचं; पुरुषाला मात्र अजून वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह अशा रीतीने एकाच यंत्रणेचे भाग ठरतात. हे कुणाला अपुरं वाटेल, पण त्याच्याशी भांडता येतं. सहा मुद्द्यांच्या यादीशी कोण भांडणार?

ही यंत्रणा दाखवायला लायब्ररीतही जावं लागत नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा लग्नाचा कुठलाही बायोडाटा घ्यावा, नाव-फोटो झाकून. जात, पोटजात, देवक किंवा गोत्र, मामाचं नाव-गाव, ‘नातेसंबंध’ या मथळ्याखाली आडनावांची रांग, तळाशी ‘अपेक्षा’. देवक जुळलं तर स्थळ बाद, पोटजात जुळली नाही तरीही बाद. बहिर्विवाह आणि अंतर्विवाह दोन्ही एका पानावर. आडनावांची ती रांग कुणासाठी छापलेली असते, हे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं; ते तर्काने मांडायला मात्र कुणी शिकवलेलं नसतं. मुलीच्या बायोडाट्यातली ‘अपेक्षा’ कोण लिहितं, हा प्रश्न वर्गात टाकला तर तास पुरणार नाही.

प्राध्यापक हे टाळतात त्याला कारणं आहेत, आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीत. वर्ग मोठा, त्यात कोण कोणत्या कोट्यातून आलं याची कुजबुज आधीच चालू. अशा वेळी ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटलं की सोसलेल्या मुलालाच उभं राहून बोलावं लागतं, आणि ज्याला जात कधी जाणवलीच नाही तो निवांत ऐकत बसतो. यादीत निदान कुणी उघडं पडत नाही. पण वर्गात बायोडाटा वाचतानाही कुणा मुलाला त्याची जात विचारावी लागत नाही. उलट, आमच्याकडे जातबीत मानत नाहीत असं म्हणणाऱ्या घरातला मुलगा त्या पानाशी सगळ्यात जास्त अडखळतो, कारण तसंच पान त्याच्या ताईचंही निघालेलं असतं.

अभ्यासक्रम न बदलताही हे करता येईल. घुर्यांचे मुद्दे राहू द्यावेत. पेपरात एक बायोडाटा छापून त्यातून कोणते नियम दिसतात आणि ते मोडले तर कुणाला काय भोगावं लागतं, एवढं विचारावं. अडचण तपासणीची आहे. अशा प्रश्नाला मॉडेल आन्सर काढता येत नाही. अधोरेखित शब्द मोजून मार्क देण्याची सोय जाते आणि गठ्ठ्यातला प्रत्येक पेपर वाचावा लागतो. अभ्यास मंडळाच्या बैठकीत यावर पहिली हरकत तिथूनच येईल.