याणाची पायवाट

उत्तर कन्नड जिल्ह्यात कुमटा-शिरसीच्या बाजूस एक म्हण ऐकू येते : ‘सोक्किद्दरे याण, रोक्किद्दरे गोकर्ण.’ अंगात मस्ती असेल तर याण, गाठीला रोकड असेल तर गोकर्ण. गोकर्णास गेले की उपाध्याय, दक्षिणा, दानधर्म हे ओघानेच येणार. तेथे पैसा हवा. याण मात्र ऐन रानात, डोंगरांच्या घडीत दडलेले. तेथे पैसा असून उपयोग नसे; पाय हवेत. म्हण रचणाऱ्याने दोन्ही यात्रेकरूंना एकाच तागडीत घातले आहे, हे पुष्कळ दिवस आमच्या ध्यानात आले नव्हते. ‘सोक्कु’ हा काही गुण नव्हे. मराठीत त्याला आपण माज म्हणतो.

हे ध्यानात येण्याचे कारण घरगुती आहे. ते पुढे सांगू. आधी वाटेचे सांगितले पाहिजे.

कायद्याची शेवटची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होतो, त्या दिवसांत आम्ही याणाला पहिल्याने गेलो. कुमट्याला सकाळची बस धरली. बसमध्ये मासळीच्या टोपल्या होत्या, शाळेची मुले होती, तालुक्याच्या गावी कचेरीत खेटे घालून परतणारे एक म्हातारे गृहस्थ होते. आणि या सर्वांची जागा झाल्यावर उरलेल्या जागेत आम्ही होतो. सरकारी बसचा हा मोठा गुण आम्हांस वाटतो. ती आपल्यासाठी निघालेली नसते. आपण गेलो नसतो तरी ती त्याच वेळी, त्याच वळणांनी, त्याच माणसांना घेऊन गेलीच असती. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारने राज्यातील स्त्रियांना साध्या बसचा प्रवास विनामूल्य केला आहे. तेव्हापासून बसमध्ये बायकांची गर्दी वाढली म्हणून कुरकुरणारे पुरुष आम्ही पाहिले आहेत. आम्हांस त्या गर्दीत, जन्मभर शेजारच्या तालुक्यातले दैवतही न पाहिलेल्या कितीतरी आजीबाई दिसतात.

कंडक्टरने आम्हांस फाट्यावर उतरविले आणि पुढचा रस्ता हाताने दाखविला. सुपारीच्या बागा, मग एक ओढा, मग दाट झाडी. पावसाळ्यात या वाटेवर जळवा माणसाची वाट पाहत असतात. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा होता. चालता चालता झाडांच्या शेंड्यांवर काहीतरी काळे उभे दिसले. ढग असावा असे वाटले. जवळ गेलो तेव्हा तो खडक होता.

भैरवेश्वराचे शिखर सुमारे १२० मीटर उंच, आणि त्याच्या शेजारचे मोहिनीचे सुमारे ९० मीटर. दोन्ही काळीकुट्ट, धारदार, उभी चिरत गेलेली. कड्यांना आग्यामाश्यांची मोठमोठी पोळी लोंबतात. कथा सर्वांस ठाऊक आहे. भस्मासुराला शिवाने वर दिला, तो वर त्याने देणाऱ्याच्याच मस्तकावर चालविण्याचा बेत केला, आणि मोहिनीच्या नृत्यात त्याचा हात त्याच्याच डोक्यावर आला. त्या आगीने येथले खडक काळे पडले असे भाविक सांगतात, आणि पायथ्याची काळी भुसभुशीत माती पुरावा म्हणून दाखवितात. भूशास्त्रज्ञांचे म्हणणे उलटे आहे. महाराष्ट्रातला आपला सह्याद्री अग्नीने, म्हणजे लाव्ह्याने, घडला. याणाचे सुळके चुनखडकाचे असून त्यांना हे रूप दिले ते पाण्याने. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून कर्बाम्लवायू घेते, किंचित आंबट होते, आणि चुनखडकाला विरघळवीत त्याच्या भेगांत शिरते. भेगांच्या घळी होतात, घळींच्या गुहा होतात, मध्ये उरलेला दगड सुळक्यासारखा उभा राहतो. अशा भूमीला ‘कार्स्ट’ म्हणतात. स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवरील एका पठाराच्या नावावरून हा शब्द आला. भैरवेश्वराच्या गुहेत स्वयंभू लिंगावर वरून पाणी ठिबकत असते. ज्या पाण्याने गुहा कोरली, त्याचाच अभिषेक देवावर चालू आहे, असे म्हटले तर भाविकांनी आणि शास्त्रज्ञांनी, दोघांनीही रागावू नये.

त्या दिवशी घरी परतलो ते एक मत घेऊनच. याणाला यावे ते पायी यावे. मोटारीने येणाऱ्याला देव दिसतो, पण याण दिसत नाही. पुढे आम्ही वकील झालो आणि या मताला आम्हांस कायद्याचा आधारही सापडला. १८८२ च्या ज्या कायद्याला कोर्टात ईझमेंट अ‍ॅक्ट म्हणतात, त्याच्या २८ व्या कलमात वहिवाटीच्या वाटेविषयी एक सुंदर नियम आहे. निराळा हेतू सिद्ध झाला नाही, तर एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारच्या वाटेचा हक्क येत नाही. शेजाऱ्याच्या शेतातून पायी जाण्याची माझी वहिवाट असली, म्हणून मला तेथून गाडी हाकता येणार नाही. रोमन लोकांनी तर पायी जाण्याचा, गुरे हाकण्याचा आणि गाडी नेण्याचा, अशा तीन हक्कांना तीन निरनिराळी नावे दिली होती. याणाच्या रानाने माणसाला दिलेली वहिवाट पावलांची होती. आता डांबरी रस्ता शिळांच्या जवळपर्यंत गेला आहे, सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लागते, हॉर्न वाजतात, खाऊचे रिकामे पुडे ओढ्यात जातात. वर मिळाला आणि तो देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवावयास निघाला, तो प्रकार याहून निराळा कोणता? असे आम्ही अनेकदा बोललो, आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या.

मग आत्याबाईंची गोष्ट घडली.

त्या आमच्या वडिलांची थोरली बहीण. पंचाहत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. एके दिवशी त्यांनी सहज विचारले, ‘अरे, भाड्याची मोटार केली तर मला याणाचा भैरव दाखवशील का?’ आम्ही त्यांस वरचे सगळे व्याख्यान ऐकविले. रोमन कायदा वगळला असेल एवढेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. कुमट्यात अर्धे आयुष्य गेलेले असल्यामुळे ती म्हण त्यांनाही पाठ होती. म्हणाल्या, ‘माझ्यापाशी मस्तीही नाही नि रोकडही नाही. मग मी घरीच बसायचं म्हणायचं.’ आम्ही हसलो. त्याही हसल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरले, आणि त्यातून त्या उठल्या नाहीत.

तेव्हापासून ते २८ वे कलम आम्ही पुन्हा वाचीत आलो आहोत. आमच्या वाचनात जो भाग निसटला होता, तो त्याच कलमात आधीच लिहिलेला आहे. गरजेपोटी मिळालेल्या वाटेचा हक्क त्या गरजेइतकाच व्यापक असतो. आणि पुढे ४१ वे कलम सांगते की, गरज संपली की तो हक्कही संपतो. चहूकडून वेढलेल्या शेताच्या मालकाला कायदा शेजाऱ्याच्या बांधावरून वाट देतो. ती उपकार म्हणून नव्हे, तिच्यावाचून त्याचे शेत निरुपयोगी होईल म्हणून. आत्याबाईंचे गुडघे हे असेच वेढलेले शेत होते. त्यांना मोटारीचा हक्क होता, आम्हांस नव्हता. आणि आम्ही आपल्या नसलेल्या हक्काच्या त्यागाचे पुण्य मिरवीत त्यांचा असलेला हक्क नाकारला. (हे कलम खाजगी जमिनींविषयी आहे, सार्वजनिक रस्त्याविषयी नाही, हे आमचे व्यवसायबंधू लगेच सांगतील. मान्य आहे. आम्ही ते दावा लावण्यासाठी वाचीत नाही.)

आणखीही एक गोष्ट पायी जाणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. तो रस्ता काही केवळ यात्रेकरूंसाठी नाही. त्या डोंगरात माणसे राहतात. त्यांच्या घरी अवघडलेली सून असते, साप चावलेला मुलगा असतो. शहरातून वर्षातून एकदा येऊन ‘हा रस्ता व्हायला नको होता, शांतता गेली’ असे म्हणणारा मनुष्य दुसऱ्याच्या दारातली शांतता स्वतःच्या नावावर चढवू पाहत असतो. आम्हीही ते म्हटले आहे. पंढरीची वारी पायी होते, पण दिंडीबरोबर सामानाचे ट्रक चालतात, पाण्याचे टँकर चालतात, आणि थकलेल्याला ट्रकवर घेतले म्हणून कोणी त्याला वारकरी नाही असे म्हणत नाही.

मग काय, सगळ्यांनीच मोटारी काढाव्यात? तसेही आम्हांस वाटत नाही. सुट्टीच्या रांगेत उभ्या असलेल्या मोटारींतून जी माणसे उतरतात, त्यांपैकी बहुतेकांचे पाय आमच्यापेक्षा धड असतात. त्यांची सोय ही गरज नव्हे. ज्याला चालता येते आणि बस मिळते, त्याने मोटार आणली की तो एका आत्याबाईंची जागा अडवितो. अगदी शब्दशः, कारण गाड्या उभ्या करण्याची जागा मोजकीच असते. आपल्याला गरज आहे की सोय, हे ठरविण्यास तेथे न्यायाधीश बसलेला नसतो. ते ज्याचे त्याने घरून निघताना ठरवावयाचे. आणि या बाबतीत मनुष्य स्वतःच्या बाजूने किती चटकन निकाल देतो, ते वकिलाला कोणी सांगावयास नको.

गेल्या वर्षी महाशिवरात्रीनंतर, जत्रेची गर्दी ओसरल्यावर, आम्ही पुन्हा गेलो. बसने आणि पायी. एवढा माज अजून शिल्लक आहे. परतताना फाट्यावर येऊन उभे राहिलो. बसची वेळ टळून गेली, ऊन उतरले. इतक्यात याणाकडून एक मोटार आली आणि थांबली. मुलगी चालवीत होती. मागे एक वृद्ध गृहस्थ, हातात काठी. त्यांनी कोंकणीतून विचारले, कुमट्याला का? मग दार उघडून काठी आपल्या बाजूला ओढली.

काठीसाठी केलेल्या जागेत आम्ही बसलो. गृहस्थ मोटारीने पायथ्याशी पोहोचले होते, पण पायऱ्या त्यांच्याने चढवल्या नव्हत्या. खालीच बसून त्यांनी शिखराला हात जोडले होते. मुलगी त्यांना एकटे टाकून वर गेली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी आम्हांस विचारले, आत लिंगावर पाणी अजून ठिबकते का, आणि किती किती वेळाने. थेंब आम्ही मोजले नव्हते. जेवढे आठवत होते तेवढे सांगू लागलो : दोन्ही बाजूंना वर जाणाऱ्या भिंती, आतला गारवा, अनवाणी पायांना लागलेला ओला दगड. ते डोळे मिटून ऐकत होते. घाट उतरताना वर जाणारी बस समोरून आली, आणि मुलीने मोटार कडेला घेऊन तिला वाट दिली.