दिलेला शब्द व लेंकराचें मन
(आधार : १ शमुवेल, अध्याय १ ते ३)

शिलो येथील याजकाच्या एकाच घरांत दोन प्रकारचे मुलगे वाढले. एलीचे मुलगे हफनी व फिनहास ह्यांना अर्पणाच्या चरबीचा होम होईपर्यंतही धीर नसे. त्यांचा चाकर येऊन कच्चें मांसच मागे, आणि न दिल्यास बळजबरी करण्याची धमकी देई. शमुवेल मात्र रात्रीं तीन वेळां हाक ऐकून उठला, आणि जाऊन नीज म्हटल्यावर मुकाट्यानें जाऊन निजला. चौथ्या वेळीं तो एलीकडे धांवला नाहीं. शिकविलेलें वाक्य त्यानें ध्यानांत ठेविलें, धांवण्याची संवय आवरली, आणि नवें उत्तर दिलें.

मानसशास्त्रज्ञ ज्या शक्तीविषयीं आज इतकें लिहीत आहेत ती हीच : ध्यानांत धरणें, आवरणें आणि वेळ पाहून वळणें. आम्ही तिला मनाचा कारभारी म्हणूं. हा कारभारी जन्मतः तयार नसतो. तीन ते पांच वर्षांच्या वयांत तो झपाट्यानें वाढतो, व तरुणपणापर्यंत त्याची वाढ चालू राहते. म्हणजे शाळेंत नांव घालण्यापूर्वींच त्याचें पुष्कळसें शिक्षण चुलीपाशीं होऊन जातें.

अमेरिकेंतील रॉचेस्टर विद्यापीठांत तीन ते पांच वर्षांच्या २८ मुलांची एक परीक्षा घेण्यांत आली. तिचा वृत्तांत इ. स. २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला. मुलांना चित्र रंगविण्यास बसवून सांगितलें कीं, थोडें थांबा, ह्याहून चांगले रंग आणून देतों. अर्ध्या मुलांना ते मिळाले. अर्ध्यांना, रंग शिल्लक नाहींत, एवढेंच ऐकावयास मिळालें. चिकटवावयाच्या चित्रांविषयींही तसेंच झालें. मग प्रत्येकापुढें एक मऊ मिठाई ठेविली : आतां खाशील तर एक, १५ मिनिटें थांबशील तर दोन. ज्यांच्याशीं शब्द पाळला होता तीं मुलें सरासरी १२ मिनिटें थांबलीं, आणि १४ पैकीं ९ तर शेवटपर्यंत. ज्यांच्याशीं शब्द मोडला होता तीं सरासरी ३ मिनिटें. त्या १४ पैकीं शेवटपर्यंत थांबलेलें मूल एकच.

हीं मुलें स्वभाव पाहून वेगळीं केलेलीं नव्हतीं. दोनदां मोडलेल्या शब्दानें परक्या ठिकाणीं एवढें झालें, तर जेथें पांच वर्षें रोजचा शब्द मोडतो तेथें काय होत असेल?

आपल्या गांवांत पाहा. बाप बाजारास निघतो, लेंकरूं पाय धरून रडतें, आणि सुटका व्हावी म्हणून तो म्हणतो, “येतांना जिलबी आणितों.” सायंकाळीं हात रिकामे, विचारलें तर दुकान बंद होतें. आईही मागें नाहीं : “गप्प बैस, नाहीं तर पोलीस नेईल.” पोलीस येत नाहीं, हें मुलाला आपल्या आधीं कळतें. पुढें तेंच लेंकरूं प्रीतिभोजनांत पान वाढण्याआधींच हात घालितें, तेव्हां आपण त्याला हावरें म्हणतों. तें हावरें नसेल. हातांत आलें तेवढेंच खरें, हा धडा त्याला घरीं मिळाला आहे. कित्येक उपदेशक हें सारें मूळ पापाच्या खातीं लिहून मोकळे होतात. आमच्या मतें आधीं घरची वही उघडावी.

कोणी म्हणेल, मजुरीच मिळाली नाहीं तर जिलबी कोठून आणावी? प्रश्न रास्त आहे. जें मूल थांबतें तें पुढें शिक्षणांत सरस ठरतें, असें पुष्कळ वर्षें सांगण्यांत येई. इ. स. २०१८ मध्यें ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हां घरची स्थिति जमेस धरल्यावर तो संबंध फारच क्षीण झाला. जेथें उद्यांच्या भाकरीचा भरंवसा नाहीं तेथें आजची उचलण्यांत शहाणपण आहे. परंतु नुसत्या पैशानेंही धीर येत नाहीं. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत, आफ्रिकेंतील कामेरून देशाच्या न्सो शेतकऱ्यांच्या चार वर्षांच्या मुलांपैकीं दहांत सुमारें सात थांबलीं. जर्मनींतील मध्यम वर्गाच्या मुलांपैकीं दहांत तीनहून कमी.

म्हणून गरीब बापानें शब्द थोडे द्यावे, आणि हातच्या गोष्टीचेच द्यावे : पाणी भरून झालें कीं गोष्ट सांगेन, शेळी बांधून आलों कीं खांद्यावर घेईन. तेवढें मात्र चुकूं नये. जिलबी आणवली नाहीं तर दाराशीं येतांच स्वतः सांगावें, आणि दुकानावर ढकलूं नये. हन्नेनें देवाला शब्द दिला होता. दूध तुटतांच तिनें तो पाळला, जरी त्यानें तिचें घर रिकामें झालें. पुढें दर वर्षीं ती लहानसा झगा शिवून शिलोला नेत असे. वर्ष भरलें कीं आई येईल, हें त्या मुलाला ठाऊक असणार.

कॅनडांतील माँट्रियल येथें ८० मातांचें व त्यांच्या तान्ह्यांचें निरीक्षण इ. स. २०१० मध्यें प्रसिद्ध झालें. ज्या आया मूल अडेल तेवढ्यापुरती मदत करून बाकीचें त्याच्याच हातीं सोडीत, त्यांच्या मुलांचा कारभारी दोन वर्षांच्या सुमारास अधिक तरतरीत आढळला. आपल्याकडे एक तर मुलाच्या हातांतून काम ओढून घेतात, नाहीं तर रडूं नये म्हणून मोबाईल देतात.

ज्यांचीं मुलें हाताबाहेर गेलीं त्या वडीलधाऱ्यांना आम्हांला इतकेंच सांगावयाचें आहे कीं, घरांत नातवंडें आहेत. एलीनें आपल्या मुलांना सांगून पाहिलें, पण तीं थोर झाल्यावर. आणि शास्त्र त्याला दोष देतें तो न बोलल्याचा नव्हे, न आवरल्याचा. त्याच एलीला, डोळे मंदावल्यावर, एका रात्रींत तीन वेळां एका मुलानें उठविलें. तो रागावला नाहीं. तो उठून मुलाबरोबरही गेला नाहीं. काय बोलावयाचें तेवढें सांगून त्यानें त्याला एकट्यालाच परत पाठविलें.