काही झालं नाही ना!

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारची गोष्ट. सकाळच्या मिस्साला उशीर झाला होता. पुढच्या चौकातून वळसा घेऊन यायचे तर आणखी पाच-सात मिनिटे जाणार, म्हणून आम्ही स्कूटर सरळ उलट दिशेने घातली. समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली. दोघांनीही करकचून ब्रेक दाबले. त्याचे मागचे चाक घसरले, पण तो कसाबसा सावरला. आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता निघून गेला. मागे बसलेली आमची मंडळी म्हणाली, "जाऊ द्या हो, काही झालं नाही ना!"

आम्ही वेळेवर पोचलो. पश्चात्तापाच्या प्रार्थनेला सर्वांबरोबर छातीवर हात मारला. त्या वेळी तो दूधवाला आम्हाला आठवलासुद्धा नाही.

वाहनांविषयी मत नाही असा माणूस आपल्या भोसरीत सापडणार नाही. सापडणार तरी कसा? आपल्यातली कितीतरी कुटुंबे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांवर जगतात. चाकणचे कंटेनर आणि ट्रेलर आपल्या डोळ्यांसमोरून नाशिक रस्त्याने जातात. १९६७ साली स्थापन झालेली 'सीआयआरटी' ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आपल्या भोसरीतच आहे. त्यामुळे आपली मते पक्की असतात. रिक्षावाले बेशिस्त, ट्रकवाले पिऊन चालवतात, कॉलेजची पोरे माजली आहेत, विमानाचा तर भरवसाच नाही. या सगळ्या मतांमध्ये एक माणूस मात्र कधीच नसतो. तो म्हणजे आपण स्वतः.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला विमान कोसळले. विमानातली आणि जमिनीवरची मिळून २६० माणसे गेली. त्यानंतर कितीतरी जण म्हणाले, "नको ते विमान, आपली गाडी बरी." ही भीती खोटी नव्हे. पण केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज सरासरी सुमारे ४६२. अहमदाबादच्या दुर्घटनेत गेली तेवढी माणसे रस्त्यांवर १४ तासांच्या आत जातात. तरीही आपल्याला 'आपली गाडी' बरी वाटते, कारण तिचे हँडल आपल्या हातात असते. खरे तर त्याच कारणासाठी आपण अधिक घाबरायला हवे.

विमान प्रवास इतका सुरक्षित का झाला? त्याला यंत्रे कारण आहेतच, पण आणखी एक शिस्त कारण आहे. तिथे 'काही झालं नाही ना' हे उत्तर चालत नाही. दोन विमाने ठरलेल्या अंतरापेक्षा फार जवळ आली आणि कोणाला खरचटलेही नाही, तरी त्याची नोंद होते. प्रसंग गंभीर असेल तर अपघातासारखीच चौकशी होते. त्या चौकशीचा हेतू कोणाला शिक्षा करणे हा नसतो, तीच चूक पुन्हा होऊ नये हा असतो. वैमानिकाला उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य आहे. आपण मात्र लग्नाच्या मांडवातून उठून, "मला काही चढत नाही," असे म्हणत किल्ली फिरवतो, आणि घरी पोचलो की तोच पुरावा मानतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे. आपण सगळे संतापलो, आणि ते योग्यच होते. पण दहावीतल्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देऊन, "कोपऱ्यावरून दूध घेऊन ये रे," असे आपल्यापैकी किती जणांनी म्हटले असेल? आपला मुलगा दूध घेऊन परत आला, एवढेच.

इथे प्रश्न उभा राहतो. दोन माणसे एकाच रस्त्यावर, सारख्याच घाईत, उलट दिशेने आली. एक सुखरूप पोचला. दुसऱ्यासमोर एक म्हातारी आजी आली आणि ती गेली. पहिला निर्दोष आणि दुसरा गुन्हेगार का? दोघांनी केले ते एकच. आजी केव्हा रस्ता ओलांडणार हे दोघांपैकी कोणीच ठरवले नव्हते.

कायदा दुसऱ्याला जास्त शिक्षा करतो, आणि तेही बरोबर आहे. एक जीव गेला, एक घर उघडे पडले, त्याचे उत्तर त्याने द्यायलाच हवे. पण म्हणून पहिला सुटला असे होत नाही. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद २२९०) सांगते की नशेत किंवा वेगाच्या हौसेपायी रस्त्यावर, समुद्रात वा आकाशात जे स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात घालतात त्यांना गंभीर दोष लागतो. धोक्यात घालणे हाच दोष आहे. तो लागण्यासाठी कोणी मरण्याची वाट पाहावी लागत नाही. २००७ साली व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतली पहिली आज्ञा हत्येला मनाई करणारीच आहे.

कोणी म्हणेल, "रस्तेच असे आहेत. खड्डे, अंधार, पदपथावर दुकाने. एकट्याने नियम पाळून काय होणार?" तक्रार खरी आहे आणि ती महापालिकेकडे जोर लावून केलीच पाहिजे. पण त्या रविवारी आम्हाला उलट दिशेने जायला खड्ड्याने सांगितले नव्हते. आम्हाला फक्त पाच मिनिटे वाचवायची होती, आणि ती आम्ही त्या दूधवाल्याच्या जिवातून उचलली.

नवी गाडी घेतली की आपण ती फादरांकडे आणतो. ते पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देतात, आपण आरशाला जपमाळ टांगतो. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाताना एका जीपमध्ये पंधरा जण बसतो आणि पोचल्यावर, "माउलीनेच सांभाळलं," असे म्हणतो. सांभाळले असेल. पण जे सांभाळून घेतले गेले ते बरोबर होते असा त्याचा अर्थ नाही. सांभाळले जाणे ही दया आहे. दया मिळालेल्या माणसाने पुढच्या वर्षी दुसरी जीप करावी.

रात्रीच्या प्रार्थनेपूर्वी आपण दिवसभराचा विचार करतो. त्यात एक प्रश्न वाढवू या: आज रस्त्यावर कुठे 'काही झालं नाही'? कोण आपल्यामुळे दचकले, कोणी ब्रेक दाबला, कोण कडेला सरकले? त्यांची नावे आपल्याला माहीत नसतात. आम्ही त्या दूधवाल्याची माफी कधीच मागू शकणार नाही. पण आता रविवारी घरून दहा मिनिटे आधी निघतो आणि पुढच्या चौकातून वळसा घेऊन येतो. एखाद्या दिवशी उशीर झालाच, तर मागच्या बाकावर बसतो.