मोहल्ल्याचे मत

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. पहिला हरलेला उमेदवार विचारतो : यंत्रात काही गडबड तर झाली नाही ना? दुसरा जिंकलेला उमेदवार विचारतो : तुमच्या बूथवरून मला किती मते पडली? पहिल्या प्रश्नावर वर्तमानपत्रे, न्यायालये आणि चहाच्या टपऱ्या गेली कित्येक वर्षे गाजत आहेत. दुसऱ्या प्रश्नात काही गैर आहे असे मात्र फारसे कोणाला वाटत नाही. आमच्या मते मतदाराच्या हक्काचा विचार करायचा तर हे दोन्ही प्रश्न एकत्र घ्यावे लागतील. आपल्यासारख्या मोहल्ल्या-मोहल्ल्याने राहणाऱ्या समाजाला तर दुसरा प्रश्न अधिक जवळचा आहे.

आपण मताला अमानत म्हणतो. निवडणूक जवळ आली की जुम्म्याच्या बयानातही हा शब्द कानांवर पडतो. बहुतेक वेळा त्याचा रोख मतदारावर असतो : मत विकू नका, वाया घालवू नका, विचार करून द्या. हे योग्यच आहे. पण अमानतीला दोन बाजू असतात, ठेवणारा आणि सांभाळणारा. ठेवणाऱ्याने बटण दाबले की त्याचे काम संपले. तिथून पुढे सांभाळणाऱ्याची जबाबदारी सुरू होते, आणि ती दुहेरी आहे. ठेव जशी दिली तशीच मोजली गेली पाहिजे, आणि ती कोणी कोणासाठी ठेवली हे इतरांना कळता कामा नये. पहिली खरेपणाची जबाबदारी, दुसरी गुप्ततेची. मतदान यंत्राच्या सुरक्षिततेवर आपण बोलतो तेव्हा सारा जोर पहिलीवर असतो.

आधी पहिलीबद्दलच बोलू. आपल्या देशात हे यंत्र सर्वप्रथम वापरले गेले ते १९८२ साली, केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघातील ५० मतदान केंद्रांवर. तिथे कम्युनिस्ट पक्षाचे सिवन पिल्लै १२३ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले. कायद्यात यंत्राची तरतूदच नाही, या कारणाने सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये त्या केंद्रांवरील मतदान रद्द केले. मतपत्रिकांवर फेरमतदान झाले आणि जोस जिंकले. यंत्राने चूक केल्याचे कोणीही सिद्ध केले नव्हते. तरीही, मत घेण्याची रीत आधी कायद्याने ठरली पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१ अ हे कलम आले आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत सर्व ५४३ मतदारसंघांत यंत्रे पोहोचली.

यंत्राने आपले भले केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. मतपेट्या पळवणे, शिक्क्यांवर शिक्के मारून पेटी भरणे, बाद मतांचे ढीग हे सारे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. यंत्र मिनिटाला चार-पाच मतेच घेते, त्यामुळे बूथ बळकावणाऱ्यालाही घाई करता येत नाही. पण शिक्का मारलेला कागद डोळ्यांना दिसत होता, आणि यंत्राच्या पोटात काय लिहिले गेले ते दिसत नाही. २०१० साली हरिप्रसाद, ॲलेक्स हॉल्डरमन आणि रॉप खाँग्राइप या संशोधकांनी एका खऱ्या यंत्रावर प्रयोग करून दाखवला. यंत्र हाती लागले तर आकडा दाखवणारा भाग बदलून किंवा स्मृतीवर छोटे उपकरण बसवून निकाल बदलता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. ते यंत्र कोठून मिळाले या चौकशीत हरिप्रसाद यांना अटक झाली. यंत्राला मोहोरा असतात, पहारा असतो, ते कोणाच्या हाती लागत नाही, हे आयोगाचे उत्तर. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. प्रयोगाने यंत्र फसवता येते हे दाखवले. एखादी निवडणूक फसवली गेली हे दाखवले नाही. हा फरक आपण सोडला तर आपली शंका अफवेच्या पंगतीला जाऊन बसते.

म्हणून आम्हांला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचा ३ मार्च २००९ चा निकाल महत्त्वाचा वाटतो. २००५ च्या निवडणुकीत तिथल्या सुमारे २० लाख मतदारांनी यंत्रावर मत दिले होते. लबाडीचा पुरावा नव्हता आणि न्यायालयाने ती निवडणूक रद्दही केली नाही. पण ती यंत्रे तशी वापरणे मात्र घटनाबाह्य ठरवले. मतदान आणि मोजणीतील महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, तांत्रिक ज्ञानावाचून, पडताळता आले पाहिजेत, हे त्याचे सार. यामागचा नैतिक विचार आपल्या व्यवहारातलाच आहे. ज्याच्याकडे ठेव आहे त्याने हिशेब दाखवायचा असतो. "मी प्रामाणिक आहे, तू चोरी सिद्ध कर" असे अमानतदाराने म्हणायचे नसते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१३ मध्ये कागदी पुरावा मुक्त आणि न्याय्य निवडणुकीसाठी अनिवार्य मानला. त्यातून व्हीव्हीपॅट आले. काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि पेटीत पडते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा घेतला जातो. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत २८८ मतदारसंघांतील १४४० यंत्रांचा असा ताळा जुळल्याचे निवडणूक यंत्रणेने जाहीर केले. सगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात, ही मागणी २६ एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयाने नाकारली. मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना मतदारसंघातील पाच टक्के यंत्रांची तपासणी मागण्याची वाट खुली केली. एवढे झाल्यावरही सामान्य मतदाराची अवस्था काय? चिठ्ठीवर दुसरेच चिन्ह दिसले असे तो म्हणाला तर त्याला लेखी घोषणा द्यावी लागते, सर्वांसमक्ष चाचणी मत द्यावे लागते, आणि तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची टांगती तलवार असते. खोडसाळ तक्रारींना आळा हवा हे मान्य. पण शंका विचारण्याची किंमत शंका घेणाऱ्यानेच मोजायची, हा न्याय उलटा आहे. बूथवर पोलीस उभा असताना आपल्या मोहल्ल्यातली एखादी आपा किंवा रोजंदारीवरचा एखादा तरुण ही घोषणा लिहून देईल का, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता दुसऱ्या, गुप्ततेच्या जबाबदारीकडे वळू. इथे कोणताही हॅकर लागत नाही. जे काही उघडे पडते ते नियमानुसारच उघडे पडते. मतपत्रिकांच्या काळात, जिथे मतदारांना धमकावले जाण्याची भीती असे, तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकमेकांत मिसळून मग मोजण्याची तरतूद होती. यंत्र आले आणि मिसळणे संपले. प्रत्येक केंद्राचे यंत्र वेगळे, त्याचा आकडा वेगळा, आणि तो आकडा निकालानंतर केंद्रवार जाहीर होतो. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार. आपल्याकडे अनेक ठिकाणी याचा अर्थ एक मोहल्ला, एक वाडी किंवा एक चाळ. यंत्राने माणसाचे नाव गुप्त ठेवले, पण मोहल्ल्याचे नाव फळ्यावर लिहिले. आणि ज्या केंद्रावर शंभरातली पंच्याण्णव मते एकाच चिन्हाला पडतात, तिथे माणसाचे गुपित तरी कुठे उरते?

त्याचा वापर कसा होतो हे २०१९ मध्ये देशाने पाहिले. उत्तर प्रदेशातील सुलतानपूरमध्ये तेव्हाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी मुस्लिम श्रोत्यांसमोर केलेल्या भाषणाचा आशय असा होता, की तुमच्या बूथचा निकाल समोर येईल, त्यात किती मते निघतात ते दिसेल, आणि मग कामे घेऊन याल तेव्हा ते लक्षात राहील. आयोगाने त्यांच्यावर ४८ तासांची प्रचारबंदी घातली. पण ज्या आकड्याच्या जोरावर ते बोलले गेले, तो आकडा जाहीर होणे तसेच चालू राहिले. उघड बोलणारे सापडतात. न बोलता पाण्याची पाइपलाइन, रस्त्याचे डांबर आणि दिव्यांचे खांब वळवणारे कोणाच्या तक्रारीत येणार?

या दुखण्यावर औषध नाही असे नाही. चौदा यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर नावाचे उपकरण तयार आहे. ते वापरण्याचा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये सरकारला दिला. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा केंद्र सरकारने विरोध केला. केंद्रवार आकड्यांवरून आपण कुठे कमी पडलो ते पक्षांना कळते आणि तिथे अधिक काम करता येते, असा युक्तिवाद झाला. कमी मते पडली म्हणून एखाद्या वस्तीत अधिक काम झाल्याचे उदाहरण वाचकांपैकी कोणाला आठवत असेल तर ते दुर्मीळच मानावे लागेल.

तथापि एक आक्षेप आम्हांला प्रामाणिकपणे विचारात घ्यावा लागेल. केंद्रवार आकडा हा धमकीचा आधार आहे तसाच तो पडताळणीचाही आधार आहे. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीचे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या गावातून पडलेली मते गावकऱ्यांना पटली नाहीत. त्यांचा उमेदवार मतदारसंघात विजयी झाला होता, तरी गावात मागे होता. म्हणून ३ डिसेंबर २०२४ रोजी मतपत्रिकांवर स्वतःच चाचणी मतदान घेण्याचे त्यांनी ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू करून ते होऊ दिले नाही. आकडे मिसळले असते तर या गावकऱ्यांना शंका घ्यायलाही जागा उरली नसती. म्हणजे आपण जितके गुप्त राहू तितकी तपासणी अवघड, आणि जितकी तपासणी सोपी तितके आपण उघडे. मतदाराच्या हक्कातला खरा पेच हा आहे.

आमच्या मते तो सुटण्याजोगा आहे. एका केंद्रावर एकूण किती मते पडली हे सर्वांना कळावे. कोणाला किती पडली हे मात्र चौदा केंद्रांचे मिळूनच कळावे. मतदान संपल्यावर प्रत्येक केंद्राच्या एकूण मतांची नोंद असलेल्या फॉर्म १७ सी ची प्रत पोलिंग एजंटला मिळते, तिच्यावरून एकूण संख्येचा ताळा कोणालाही घेता येईल. चिठ्ठ्यांचा ताळाही अशाच गटाच्या पातळीवर घ्यावा, आणि पाच यंत्रांऐवजी अधिक घ्यावा. मोजणीला दोन दिवस जास्त लागले तर काय बिघडते? निकालाची घाई वाहिन्यांना असते, पाच वर्षे भोगणाऱ्या मतदाराला नसते.

शेवटी थोडे आपल्या घरातले. बूथचा आकडा बाहेरच्या पुढाऱ्याला जसा हवा असतो तसा आपल्यातल्या काही मंडळींनाही हवा असतो. "आमच्या मोहल्ल्यातून इतकी लीड दिली" असे सांगून जो तिकीट, ठेका किंवा कमिटीवरची खुर्ची मागतो, त्याच्यासाठी तो आकडा म्हणजे सौद्याची पावती असते. आकडे मिसळले तर पावतीच राहणार नाही, आणि पावती नसेल तर एकगठ्ठा मतांचा व्यापारही बसेल. आपल्याला व्होट बँक म्हणून हिणवणाऱ्यांचा आणि आपली व्होट बँक चालवणाऱ्यांचा आधार एकच आहे, याकडे आपण कधी पाहिलेच नाही. ज्या घरात नवऱ्याने, भावाने किंवा जमातीच्या बुजुर्गांनी सांगितले म्हणून चिन्ह ठरते, तिथे एखाद्या बाईने मनाने दुसरे बटण दाबले तर तिला आधार फक्त गुप्ततेचा असतो. तो आधार यंत्राने द्यायला हवा, नियमाने द्यायला हवा, आणि आपणही तो मोडता कामा नये. "तू कोणाला दिलेस?" हा प्रश्न दस्तरखानावरसुद्धा विचारायचा नाही, एवढा नियम आपण आपल्यापुरता आजपासून पाळू शकतो. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची गरज नाही.

बाकीच्यासाठी मागावे लागेल. यादीत नाव आहे का ते निवडणुकीआधीच तपासावे. बूथवर बसणाऱ्या आपल्या मुलांनी एजंट म्हणून चहा-बिस्किटे खाण्याबरोबर १७ सी ची प्रतही मागून घ्यावी. यंत्राबद्दल शंका असेल तर ती पुराव्याच्या भाषेत मांडावी, आणि शंका घेणाऱ्याला देशद्रोही किंवा पराभूत म्हणून झिडकारणाऱ्यांना शांतपणे सांगावे, की हिशेब मागणे म्हणजे आरोप करणे नव्हे. ज्याने आपली अमानत दुसऱ्याच्या हवाली केली आहे, हिशेब मागण्याचा पहिला हक्क त्याचाच असतो.