बघायचे कोणी?

भ्रष्टाचाराला आळा घालण्याची स्वतंत्र भारताची सुरुवातीची एक मोठी योजना अशी होती, की वरच्याने खालच्यावर नजर ठेवायची. संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग आला. समितीचे निदान मात्र या उपायाहून खोल होते. लोक केवळ बेकायदा कामासाठी पैसे देत नाहीत, हक्काचे काम लवकर व्हावे म्हणूनही देतात. या ‘स्पीड मनी’ची दखल तिने घेतली होती. एकदा विलंबातून कमाई होऊ लागली की तो संपवावा असे कोणाला वाटेल? मग कर्तबगार कारकुनाची सारी हुशारी त्रुटी काढण्यात खर्ची पडते. लाचेच्या रकमेपेक्षा प्रशासनाचे हे नुकसान मला मोठे वाटते.

वरची नजर अपुरी आहे हे दाखवून दिले राजस्थानातल्या मजुरांनी. १९९४ साली कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचा हिशेब सरकारी कागदावरून गावासमोर मोठ्याने वाचायचा, एवढीच ती युक्ती. आपल्याकडे रोजगार हमीचा हजेरीपट ज्याने पाहिला आहे त्याला तिची ताकद सांगायला नको. लेखापरीक्षकाला बेरीज तपासता येते. अमका त्या दिवशी खडी फोडत होता की नव्हता, हे गावालाच ठाऊक असते.

पुढे असे सरकारी कागद मागण्याचा हक्क देणारा महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा झाला, त्यामागे अण्णा हजारेंची उपोषणे होती. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत यांमुळे साहेबांच्या टेबलावरची फाइल सामान्य माणसाच्या हाती येऊ लागली.

पण कागद उघडा झाला तसे काही जणांनी कागदावर लिहिणेच कमी केले. फोनवरून सांगायचे, सही दुसऱ्याची घ्यायची. तोंडी आदेशाची नक्कल कोण मागणार? २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला माजी सनदी अधिकारी टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर सांगावे लागले, की तोंडी सूचना लेखी नोंदवल्याशिवाय अधिकाऱ्यांनी त्यांवर काम करू नये. आधी लिहिण्याची शिस्त आणि मग दाखवण्याची, हा क्रम आपल्याला फार उशिरा उमगला. विलंबावरचा थेट इलाजही तसाच रेंगाळला. ठरावीक मुदतीत सेवा देण्याचे बंधन घालणारा महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, म्हणजे संथानम अहवालानंतर अर्धशतकाने आलेला.

आता वारे उलट दिशेला वळले आहे. वैयक्तिक माहितीला अपवाद करताना माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये काही अटी होत्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्या काढून टाकल्या. व्यापक जनहिताचे कलम ८(२) शिल्लक आहे, हे खरे. तरी नकार देणाऱ्याचे काम सोपे झाले आणि जनहित पटवून देण्याचे ओझे अर्जदारावर येऊन पडले. हजेरीपटावरचे मजुराचे नावही वैयक्तिक माहितीच आहे, असे उद्या एखाद्या माहिती अधिकाऱ्याने म्हटले, तर कायद्याचे शब्द त्याच्याच बाजूने असतील.