वाळीत कोण टाकतो?

मित्रहो, एक प्रश्न तुमच्यापुढे टाकतो. ज्या समाजाला हजारो वर्षं गावकुसाबाहेर ठेवलं, त्या समाजाच्या संस्थेला आपल्यातल्याच एखाद्या माणसाला बाहेर टाकता येतं काय? प्रश्न ग्रंथातला नाही. आपल्या मोहल्ल्यातला आहे. तो टाळून पुढे जाता यायचं नाही.

मी आंधळगावचा. मोहाडी तालुक्यातलं हे गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. रेशीम विणायचं कोष्ट्यानं. आमचे पूर्वजही विणकरच, पण त्यांच्या वाट्याला जाडंभरडं सुती कापड. माग सारखाच, सूत जातीप्रमाणे वेगळं. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे मिलचं कापड खेड्यापाड्यात आलं आणि आमचे माग थंडावले. लोकांना वाटलं, यंत्र आलं, आता जात जाईल. तशी ती गेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडानं ओढावं लागे, आणि आमच्या थुंकीनं दुसऱ्याचा धर्म बुडे! १९२८-२९ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. यातून मी एक गोष्ट शिकलो. नवी संस्था जुनीला मारतेच असं नाही. कधी कधी तिला पोटात घेऊन वाढवते.

जुन्या संस्था कोणत्या? गावावर मालगुजार. १९५१ साली मालगुजारी गेली. आमच्यावर गावाची सत्ता, आणि आमच्या आत जातपंचायत. जातपंचायतीला निव्वळ शिव्या देऊन भागत नाही. भांडण कचेरीत न जाता मिटे, वकिलाचा खर्च वाचे, विधवेला पाट लावता येई. पण पंचांच्या हाती हत्यार एकच, जातीबाहेर टाकणं. दंड भरा, जातभावांना जेवू घाला, तेव्हा आत या. माझा आजा म्हणे, "बापू, पंचाचा न्याव भाताच्या गंजात शिजे. ज्याच्या घरी भात नाही त्याले न्याव नाही."

अशा संस्था साऱ्या जगात आहेत. आफ्रिकेतल्या नायजेरियात योरुबा लोक राहतात. त्यांच्या जुन्या ओयो राज्यात राजाला अलाफिन म्हणत, आणि त्याच्यावर सात सरदारांची सभा असे, ओयो मेसी. राजा जुलमी झाला की सभेचा प्रमुख त्याच्याकडे रिकामा भोपळा किंवा पोपटाची अंडी पाठवी. अर्थ एवढाच की लोकांनी तुला नाकारलं, आता जीव दे. त्या राज्यातही गुलाम होते, तेव्हा त्याची आरती ओवाळण्याचं कारण नाही. पण त्या सभेचं बोट वर, सत्तेकडे रोखलेलं होतं. आमच्या पंचांचं बोट कायम खाली. त्याच देशात इग्बो लोकांमध्ये ओसू आहेत. देवाला वाहिलेले, म्हणून वेगळे ठेवलेले, सोयरिकीला वर्ज्य. पूर्व नायजेरियात कायद्यानं ही प्रथा रद्द झाली १९५६ साली. ज्या साली १४ ऑक्टोबरला आपण नागपुरात दीक्षा घेतली तेच हे साल. कायद्याला इतकी वर्षं झाली, तरी लग्न जमवताना तिकडे अजून विचारतात, घराणं ओसू तर नाही ना? आपलं काही वेगळं आहे काय?

आता घराजवळ या. खैरलांजी आमच्या आंधळगाव ठाण्याच्या हद्दीतलं. तिथं ग्रामपंचायत होती, ठाणं होतं, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा होता, घटना तर होतीच. भोतमांगे कुटुंब गावातल्या मोजक्या बौद्ध घरांपैकी एक. शेतातून रस्ता काढण्याचा वाद, मग एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखाताई आणि प्रियंकाची साक्ष. २९ सप्टेंबर २००६ ला जमाव आला आणि सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर या चौघांना मारून टाकलं. एकटे भैयालाल वाचले. २०१७ साली तेही गेले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. आणि अत्याचार कायदा लागू झालाच नाही. जातीमुळे घडलं हे न्यायालयाला दिसलं नाही.

त्या दिवशी तिथं कोणी पंच पासोडी टाकून बसले नव्हते. कुठं ठराव लिहिला नव्हता. पण 'गाव' नावाची जुनी संस्था जागी होती आणि नव्या संस्था तिच्या सावलीत झोपल्या होत्या. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि एक मोल मिळेल, समाजजीवनात मात्र ते मोल नाकारलेलं राहील, आणि ही विसंगती फार काळ चालली तर लोकशाही उडून जाईल. म्हणून संस्थेची माझी कसोटी साधी आहे. तिच्या भिंतीवर कोणाची तसबीर आहे ते मी पाहत नाही. तिच्यापुढे एकटा माणूस उभा राहिला तर ती त्याचं काय करते, ते पाहतो.

ही कसोटी गावाला लावायची आणि स्वतःला नाही, असं कसं चालेल?

आपल्या भागातलंच एक गाव, नाव सांगत नाही. तिथं विहार आहे, समिती आहे, रजिस्टर आहे. एका विधवा बाईच्या मुलीनं मातंग पोराशी लग्न केलं. समितीनं ठराव केला नाही, नोटीस दिली नाही. फक्त बुद्धजयंतीची वर्गणी तिच्या दारात मागितली नाही. बाई स्वतः पैसे घेऊन विहारात गेली, तर "राहू द्या, हिशेब झाला" म्हणाले. ती मला म्हणाली, "पैसेच नाही घेतले गा त्याइनं. मंग मी कोणाची?" घेणं नाकारूनही माणूस मारता येतो, हे मी तिच्याकडून ऐकलं. प्रोसिडिंग बुकात एक अक्षर नाही. भाताचं गंज गेलं, पावतीपुस्तक आलं. पंच तेच.

त्या समितीतले कार्यकर्ते वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं असं की चळवळीला शिस्त पाहिजे, उद्या जो तो मनाला येईल ते करील, समाज फुटेल. एकानं तर मला तिपिटकातला दाखला दिला. भगवान बुद्धानंही छन्नाला ब्रह्मदंड दिला होता, भिक्षूंनी त्याच्याशी बोलू नये असं सांगितलं होतं. दाखला खरा आहे. म्हणून तो नीट वाचू. छन्न कोण? सिद्धार्थाचा सारथी. बुद्धाशी जुनी जवळीक, त्या तोऱ्यात तो कोणाचं ऐकत नसे. दंड झाला तो वरच्याला, माजलेल्याला. आनंदानं जाऊन त्याला तोंडावर सांगितला. आणि छन्न बदलला तसा दंड संपला. संघात आरोप उघड सांगावा लागे, आरोपी समोर लागे, प्रस्ताव मांडावा लागे, गणसंख्या लागे. आपल्याकडे लोकशाही नवी नाही हे सांगताना त्याच १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या रीतीकडेच बोट दाखवलं होतं. आता सांगा, त्या विधवेला कोणी समोर बोलावलं? काय आरोप सांगितला? परत येण्याची वाट कुठली ठेवली? आणि तिच्या लेकीनं केलं काय, तर जात मोडली! बाबासाहेबांनी जातीवरचा उपाय म्हणून आंतरजातीय लग्न सांगितलं, आणि आपण त्याच उपायाला शिक्षा देऊन राहिलो.

शिस्त आणि बहिष्कार यांत फरक आहे. संघटना माणसाला पदावरून काढू शकते, सभासदत्व रद्द करू शकते. पाणी, पंगत, सोयरीक आणि मयताचा खांदा ही संघटनेची मालमत्ता नाही. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. मुंबई सरकारनं १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला, १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. पुढे २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा झाला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा आपल्या बाजूचा आहे असं आपण म्हणतो. मग त्याच्यापुढे आरोपी म्हणून उभं राहण्याची पाळी आपल्या समितीवर काहून यावी?

दोस्तहो, संस्था मोडा असं मी म्हणत नाही. विहार नसेल तर पोरांना एकत्र बसायला जागा कुठे आहे? पण तीन गोष्टी करू. ज्याच्याविरुद्ध बोलायचं ते त्याच्यासमोर बोलू. जे ठरवू ते रजिस्टरात नावानिशी लिहू. लिहायची लाज वाटत असेल तर ते करायचंच नाही. आणि समितीचं बोट आधी समितीकडे, हिशेब ठेवणाऱ्याकडे, सतरंजीवर पुढे बसणाऱ्याकडे वळवू.

आणि येत्या १४ ऑक्टोबरची वर्गणी गोळा करायला निघाल तेव्हा पावतीपुस्तक घेऊन आधी त्या घरी जा, ज्या घरी मागल्या वेळी कोणी गेलं नव्हतं. पहिली पावती तिथली फाडा.